दोन्ही हातांत टाळ : दृष्टिहीन विद्यार्थी, संगीत आणि कागद

१/
आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करते, पुढे सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापूरला पोहोचते आणि सराटीला नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. या वाटेवर दिंडीतल्या टाळकऱ्याकडे नीट पाहिले तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. त्याच्या दोन्ही हातांत टाळ असतो; पुस्तक धरायला तिसरा हात नसतो. अभंग त्याला पाठ असतो, चाल कानात असते आणि लय पायांत असते.

२/
त्याच रांगेत डोळ्यांनी न दिसणारा वारकरी उभा राहिला, तर एकदा टाळ हाती आल्यावर गाण्यापुरता त्याच्यात आणि शेजाऱ्यात भेद उरत नाही. मग संगीताच्या वर्गात हाच माणूस 'विशेष गरजा असलेला विद्यार्थी' केव्हा ठरला? प्रश्न शिक्षणशास्त्राचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर इतिहासात आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडचे संगीत तोंडातून कागदावर आले, आणि कागदावर येताना ते सर्वांसाठी सारखे आले नाही. हा धागा त्या प्रवासाचा आहे.

३/
आधी जुनी रीत पाहू. हिंदुस्थानी संगीताची तालीम म्हणजे गुरूने गावे आणि शिष्याने तसेच गाऊन दाखवावे. ताल हातावर मोजायचा : सम, टाळी, खाली. तबल्याचा किंवा पखवाजाचा बोल आधी तोंडाने म्हणायचा, मग बोटांनी वाजवायचा. तंबोरा कानाने जुळवायचा. पेटीवर स्वरांच्या जागा बोटांना काळ्या पट्ट्यांच्या उंचवट्यांवरून कळतात. या साऱ्या क्रियेत डोळ्यांवाचून अडून राहील असे फारसे काही नाही. दृष्टिहीन शिष्यासाठी गुरूला वेगळी पद्धत शोधावी लागत नव्हती. सर्वांची पद्धत तीच त्याची पद्धत होती.

४/
शब्दांच्या बाबतीतही हेच. बारामती हे मोरोपंतांचे गाव. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले पंत बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या आर्या पोथ्यांत लिहिल्या गेल्या, पण महाराष्ट्रभर पसरल्या त्या कीर्तनकारांच्या मुखातून. सोलापूरच्या शाहीर राम जोशींनी उत्तरायुष्यात कीर्तनाला उभे राहून त्या गावोगाव पोहोचवल्या. ज्या श्रोत्यांनी त्या पाठ केल्या, त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ऐकणे हेच त्यांचे वाचन होते.

५/
तरीही या काळाचे सोनेरी चित्र रंगवू नये. तोंडी परंपरेत दृष्टी आड येत नव्हती, पण जात आड येत होती, स्त्री असणे आड येत होते आणि सर्वांत मोठी अट म्हणजे गुरूची मर्जी. गुरूने चीज सांगितली नाही तर ती शिष्याला दुसरीकडून मिळण्याची वाट नव्हती. शिवाय दृष्टिहीनाने गाणे शिकले तरी समाजाने त्याच्यासाठी जागा राखली होती ती बहुधा देवळाच्या पायरीवर. 'सूरदास' हे संतकवीचे नाव आंधळ्या माणसाला हाक मारण्याचे नाव झाले, त्यात आदर किती आणि दया किती हे सांगणे अवघड आहे.

६/
आता कुरुंदवाड. १८ ऑगस्ट १८७२ रोजी तेथे एका कीर्तनकाराच्या घरी विष्णू नावाचा मुलगा जन्मला. लहानपणी उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाला आणि त्याचे डोळे अधू झाले. पुस्तकावर अवलंबून असलेले शालेय शिक्षण पुढे चालणे कठीण झाले. तेव्हा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची गाण्याची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्यात बाळकृष्णबुवांचा वाटा फार मोठा. हा मुलगा म्हणजे पुढचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

७/
या आरंभातली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पलुसकर गाण्याकडे वळले, कारण कागद त्यांना बंद झाला होता आणि गाणे कागदावर नव्हते. गाण्याची तालीम तोंडी असल्यामुळेच अधू दृष्टीच्या मुलाला ती खुली होती. मिरजेत त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला, १८९६ मध्ये मिरज सोडली, उत्तरेत फिरले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकांच्या पदरी न राहता लोकवर्गणीवर चालणारे संगीत विद्यालय ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

८/
लाहोरच्या विद्यालयात गाणे शाळेसारखे शिकवले जाऊ लागले. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तके. एका गुरूपुढे एक शिष्य याऐवजी एका शिक्षकापुढे अनेक विद्यार्थी. अशा वर्गाला सर्वांनी एकाच वेळी पाहावे असे काहीतरी लागते. म्हणून फळा आला, आणि फळ्यावर लिहिण्यासाठी स्वरलिपी आली. पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी बनवली आणि क्रमिक पुस्तके छापली. त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दुसरी, अधिक सुटसुटीत लिपी घडवून शेकडो बंदिशी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत आणल्या.

९/
दोन्ही विष्णूंचे हे काम थोर होते, यात शंका नाही. ज्या चिजा घराण्यांच्या तिजोरीत होत्या त्या चार आण्यांच्या पुस्तकात आल्यासारखे झाले. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाणे शिकण्याची प्रतिष्ठित वाट मिळाली. गुरूने हात आखडता घेतला तरी विद्यार्थी पुस्तक उघडू शकत होता. गुरूच्या मर्जीची जी अट वर सांगितली, तिच्यावरचा पहिला मोठा घाव स्वरलिपीने घातला.

१०/
आता या लिप्यांची रचना पाहू, कारण खरा पेच तिथे आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब आणि मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब असते. एका मात्रेत बसणारे स्वर खालच्या कंसाने बांधलेले असतात. पलुसकर पद्धतीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ आणि कालमानाच्या खुणा स्वरांच्या खाली. दोहोंत एक गोष्ट समान आहे : अर्थ अक्षराच्या वर आणि खाली दडलेला आहे. तो एका दृष्टिक्षेपात कळतो. दृष्टिक्षेपाशिवाय मात्र तो कळत नाही.

११/
ज्या घटकेला गाणे फळ्यावर लिहिले गेले, त्या घटकेला वर्गातला न दिसणारा मुलगा मागे पडला. तो कालपर्यंत इतरांइतकाच शिष्य होता. त्याच्या कानात, गळ्यात, बोटांत काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती शिकवण्याची रीत. पुढे परीक्षांना लेखी प्रश्नपत्रिका जोडल्या गेल्या, 'खालील बंदिश स्वरलिपीत लिहा' असे प्रश्न आले, आणि अंतर वाढले. हा बदल घडवणाऱ्या दोघांपैकी एकाला गाण्याची वाट सापडली होती ती डोळे अधू झाल्यामुळे. इतिहासात असे विरोधाभास येतात. त्यात कोणाचा दोष शोधण्यापेक्षा त्यांचे परिणाम पाहावेत.

१२/
या परिणामावरचा उपाय तोपर्यंत पॅरिसमध्ये तयार होऊन सत्तर वर्षे लोटली होती. त्याची सुरुवातही संगीताच्या कागदापासूनच झाली. १७७१ मध्ये पॅरिसच्या सेंट ओव्हिडच्या जत्रेत एका कॅफेने गिऱ्हाईक खेचण्यासाठी अंध माणसांचा वाद्यवृंद बसवला. त्यांना विदूषकी कपडे चढवले, डोळ्यांवर खोटे चष्मे लावले, समोर संगीताचे कागद उलटे ठेवले आणि बेसूर वाजवायला लावले. लोक हसत होते. गर्दीत व्हॅलेंतें आयुई नावाचा तरुण होता. त्याला ते सहन झाले नाही. अंधांना खरोखर वाचायला शिकवीन, असा निश्चय त्याने केला असे सांगतात. १७८५ मध्ये त्याने पॅरिसला अंध मुलांची शाळा काढली.

१३/
या शाळेत १८१९ मध्ये लुई ब्रेल नावाचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. वडिलांच्या चामड्याच्या कामातली आरी डोळ्यात जाऊन तो तिसऱ्या वर्षी जखमी झाला होता आणि पुढे दोन्ही डोळे गेले होते. शाळेत तो ऑर्गन शिकला आणि पुढे पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला. १८२९ मध्ये त्याने आपल्या ठिपक्यांच्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकातच शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचा उल्लेख होता. ब्रेल लिपीचा कर्ता संगीतकार होता आणि ती लिपी पहिल्यापासून गाण्यासाठीही होती, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही.

१४/
ब्रेलचा एक घर सहा ठिपक्यांचा. संगीतासाठी त्याने केलेली योजना सुंदर आहे. घरातले वरचे चार ठिपके कोणता स्वर ते सांगतात. खालचे दोन ठिपके तो स्वर किती काळ टिकवायचा ते सांगतात. स्वर कोणत्या सप्तकातला, ही खूण स्वराच्या आधी येते. वर-खाली काही नाही. बोट डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि गाणे एकेका घरातून उलगडत जाते. जे डोळ्याला एका वेळी दिसते ते बोटाला एकामागून एक कळते, हे ओळखून बांधलेली ही लिपी होती.

१५/
महाराष्ट्रात अंध मुलांची शाळा आली ती दुष्काळामागून. १८९९–१९०० चा दुष्काळ मुंबई इलाख्याला फार कठीण गेला. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला पट्टा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या शेतांना पोहोचले त्यांची स्थिती वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. उपासमारीत मुलांच्या आहारातले जीवनसत्त्व अ तुटते आणि बुबुळे खराब होऊन दृष्टी जाते. देवीच्या साथीही त्या काळी असंख्य मुलांचे डोळे घेत. अशा अनाथ अंध मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. दादरची आजची कमला मेहता अंध शाळा ती हीच.

१६/
त्याआधी १८८७ मध्ये अमृतसरला भारतातली पहिली अंधशाळा निघाली होती. मुंबईत १९०२ मध्ये डॉ. नीलकंठराय छत्रपती यांच्या प्रयत्नांतून व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. पुण्यात १९३२ मध्ये पलुसकरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, आणि दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, डॉ. माचवे यांच्या पुढाकाराने पुण्याची अंधशाळा सुरू झाली. एकाच शहरात दोन वर्षांच्या अंतराने दोन शाळा निघाल्या : एकीत गाण्याचे पुस्तक होते, दुसरीत त्या पुस्तकाला मुकलेली मुले.

१७/
अंधशाळांच्या अभ्यासक्रमात संगीताला सुरुवातीपासून जागा मिळाली, पण तिचे कारण नीट पाहायला हवे. वेतकाम, खुर्च्या विणणे आणि गाणे-वाजवणे ही एका रांगेतली कामे होती. अंध मुलाला पुढे पोट भरता यावे म्हणून शिकवलेली. हेतू चांगला होता आणि त्यातून अनेकांना भाकरी मिळालीही. मात्र त्यामुळे एक समजूत पक्की झाली : अंध आहे, म्हणजे गाणारच. ज्या मुलाला गणित आवडते त्याच्याही हाती पेटी आली, आणि ज्याला खरोखर गाणे समजते त्याचे कौतुक 'दिसत नसून किती छान गातो' येथेच थांबू लागले.

१८/
लिपीचा गोंधळ तर वेगळाच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातल्या अंधशाळा एकच ब्रेल वापरत नव्हत्या. कोठे 'ओरिएंटल' ब्रेल, कोठे नीलकंठराय यांची पद्धत, कोठे आणखी एखादी. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक वाचता येत नसे. सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये मान्य झाली आणि त्याच वर्षी देहरादूनला केंद्रीय ब्रेल छापखाना सुरू झाला. म्हणजे मराठी अक्षरे बोटाखाली स्थिर व्हायलाच स्वातंत्र्यानंतरची चार वर्षे जावी लागली, सा-रे-ग-म त्यानंतरचे.

१९/
भातखंडे लिपी ब्रेलमध्ये आणताना वर-खालच्या खुणा ठेवताच येत नाहीत. कोमल-तीव्र, मंद्र-तार, मात्रेचे कंस हे सारे ओळीत ओवावे लागते : खूण, मग स्वर, खूण, मग स्वर. छापील पानातली दोन ओळींची स्थायी ब्रेलमध्ये बरीच लांबते. शिवाय वाचायला हात लागतात आणि वाजवायलाही हातच लागतात. पेटीवाला एका हाताने वाचून दुसऱ्याने थोडे वाजवू शकेल. सतारवाल्याचे किंवा तबलजीचे दोन्ही हात गुंतलेले. त्यामुळे ब्रेल वाचणाऱ्या वादकाला आधी एक ओळ बोटांनी वाचून पाठ करावी लागते आणि मगच ती वाद्यावर आणावी लागते.

२०/
यातून कोणी म्हणेल की मग ब्रेल हवे कशाला, पाठच करायचे तर गुरूकडून ऐकून करावे. येथेच या इतिहासाचे मर्म आहे. ऐकून शिकणाऱ्याला गुरू समोर लागतो. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला बंदिश ऐकू येते, पण गायकाने घेतलेल्या हरकतीतून मूळ चीज वेगळी काढणे नवशिक्याला जमत नाही. ज्याच्या हाती लिपी आहे तो रात्री एकटा बसून विसरलेला अंतरा पुन्हा तपासू शकतो, दोन पाठांतरे ताडून पाहू शकतो, स्वतः रचलेली चीज लिहून ठेवू शकतो आणि दुसऱ्याला शिकवू शकतो. पलुसकर-भातखंड्यांनी डोळस विद्यार्थ्याला दिलेले स्वातंत्र्य नेमके हेच होते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्याहून अधिक काही नको होते, पण त्याहून कमी मिळाले.

२१/
कागदाला वळसा घालून गेलेली एक मोठी वाटही होती. जुन्या मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला, गदगला, पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) या दृष्टिहीन गायकाने अंध आणि निराधार मुलांना संगीत शिकवणारा आश्रम वाढवला. त्यांचे दृष्टिहीन शिष्य पुट्टराज गवई (१९१४–२०१०) यांनी तो वीरेश्वर पुण्याश्रम अर्धशतकाहून अधिक काळ चालवला. बसवराज राजगुरूंसारखा डोळस गवई पंचाक्षरींकडेच घडला. तेथे दृष्टिहीन गुरू होता आणि शिष्य दोन्ही प्रकारचे होते. 'अंधांना संगीत शिकवणे' या शब्दांत जी एकेरी वाट गृहीत धरली जाते, तिला गदगचे उदाहरण उत्तर देते.

२२/
आता ज्यांचा विचार सर्वांत उशिरा झाला त्यांच्याकडे वळू. 'अंध म्हणजे गाणारा' या समजुतीची दुसरी बाजू होती 'बहिरा म्हणजे गाण्याशी संबंध नसलेला'. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात निघाली, अंधशाळांच्याही आधी. पण त्याच दशकाच्या आरंभी, १८८० मध्ये, मिलानच्या परिषदेने खुणांची भाषा बाजूला सारून बोलायला शिकवण्याचा आग्रह धरला, आणि जगभरच्या अशा शाळांची बहुतेक शक्ती ओठ वाचणे व उच्चार करणे यांत गेली. संगीत हा तेथे विषयच मानला गेला नाही.

२३/
वास्तविक लय केवळ कानाची नसते. ढोलकी मांडीवर घेतली की थाप मांडीला कळते. लाकडी फळीवर अनवाणी उभे राहिले की शेजारच्या ढोलाचा ठोका तळव्यांतून येतो. लेझमीत डोळ्याला शेजाऱ्याचा हात दिसतो आणि आपल्या हाताला झटका जाणवतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी (जन्म १९६५) बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. त्या तालवाद्ये अनवाणी वाजवतात आणि त्यांनी जगभर कार्यक्रम केले आहेत. बेलवाडीच्या रिंगणात शेकडो टाळकरी एकदम पावली टाकतात तेव्हा जमिनीतून जे येते, ते ऐकू न येणाऱ्यालाही येते.

२४/
बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत जय वकील यांनी १९४४ मध्ये शाळा काढली, तेव्हा अशा मुलांना शिकवता येते हेच लोकांना पटवावे लागत होते. या मुलांना गाणे शिकवताना भजनाची जुनी घडण आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच धरायची. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून चुकलेल्याला परत शिरायला जागा असते. ज्याला सारी ओळ येत नाही तो शेवटचा शब्द म्हणतो. ज्याला तोही येत नाही तो टाळ वाजवतो. आणि तरीही तो गाण्याच्या बाहेर नसतो. शिक्षणशास्त्राने ज्याला आज सर्वसमावेशक वर्ग म्हटले, त्याची ही रचना मंदिरांच्या सभामंडपांत केव्हाची आहे.

२५/
कायद्याची पावले अलीकडची. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि सामान्य शाळेत इतरांबरोबर शिकण्याचा हक्क स्पष्ट केला. या कायद्याचे २९ वे कलम फारसे चर्चेत येत नाही. सांस्कृतिक आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल अशा रीतीने नव्याने आखावेत, असे त्यात म्हटले आहे. मुलाला अभ्यासक्रमाजोगे करण्याऐवजी अभ्यासक्रम मुलाजोगा करणे, हा १९०१ नंतरच्या साऱ्या वाटचालीचा उलटा विचार कायद्याच्या भाषेत आला.

२६/
प्रत्यक्षात अडते ते साध्या हिशेबावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट तेथवर जात नाही. दृष्टिहीन मुलाला गावातल्या शाळेत बसण्याचा हक्क मिळाला, पण त्याच्या शेजारी संगीताचा शिक्षक बसेलच असे नाही, आणि शिक्षक असला तरी त्याला ब्रेलमधला 'सा' वाचता येईल असे नाही. जुन्या अंधशाळेत निदान पेटी होती. सामान्य शाळेचा हक्क खरा व्हायचा तर ती पेटी आणि ती लिपी दोन्ही मुलामागून गावात यायला हव्यात.

२७/
इतिहास यावर तयार उत्तर देत नाही, पण क्रम सांगतो. कान आधी, हात मग, कागद शेवटी. हा क्रम विष्णु दिगंबरांना मिरजेत मिळाला आणि तो दृष्टिहीन, कर्णबधिर, मंदगतीने शिकणारा, अशा प्रत्येक मुलाला कोठे ना कोठे जागा देतो. बारामती-इंदापुरात हा क्रम जाणणारी माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. एकादशीला देवळात बसणारा पखवाजी, हरिनाम सप्ताहात चाल लावणारा बुवा, आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून गावी परतलेला कीर्तनकार, यांना शिकवण्याची ही रीत अंगवळणी पडलेली आहे. शाळेची घंटा आणि देवळातला टाळ यांच्यात बहुधा एका रस्त्याचे अंतर असते.

२८/
मात्र तेथेच थांबणे म्हणजे दृष्टिहीन मुलाला पुन्हा जुन्या पायरीवर बसवणे होईल. कान आणि हात त्याला गाणे देतील. गाण्यावरचा अधिकार त्याला लिपीच देईल. पंचपदी त्याने देवळात ऐकून शिकावी आणि भूपाची बंदिश शाळेत बोटांनी वाचावी. परीक्षेत त्याला ती लिहिता यावी, आणि एके दिवशी त्याने स्वतः लावलेली चाल दुसऱ्या गावच्या मुलाने त्याच्या ब्रेलच्या पानावरून वाचावी.

२९/
पुढच्या आषाढात पालखी पुन्हा याच वाटेने जाईल. सणसरच्या पुढे दिंडीत एखादा मुलगा वडिलांच्या खांद्याला हात लावून चालत असेल. पावली सुरू झाली की तो हात खांद्यावरून निघतो, कारण दोन्ही हातांत टाळ घ्यायचे असतात. तेवढा वेळ त्याला कोणी धरावे लागत नाही. त्याच्या गावच्या शाळेतही असा एक तास असावा, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.

(धागा समाप्त)